बाबांचं उतरलेलं वजन आणि दीड लाखाचा हप्ता

प्रश्न असा आहे: “बाबा ६७ वर्षांचे, आई ६२. पुण्यात सहकारनगरला दोघंच राहतात. बाबा भोसरीच्या एका खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफची पेन्शन महिन्याला चार हजारांच्या आत, बाकी घर एफडीच्या व्याजावर चालतं. ११ वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. मेडिक्लेम नाही. गेल्या आठ महिन्यांत त्यांचं वजन ६४ वरून ५८ किलोवर आलंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जेवण पोळी-भाजी केंद्रातून येतं. ओळखीच्या एजंटने बाबांसाठी पॉलिसी सुचवलीय: वर्षाला दीड लाख हप्ता, १० वर्षं भरायचा, विमा साडेदहा लाखांचा. मेडिकल पुढच्या आठवड्यात आहे. ते म्हणतात, तोवर प्रोटीन पावडर देऊन वजन जरा वर आणा, आणि फॉर्मवर शुगरचं लिहायची गरज नाही. काय करू?”

पुढच्या आठवड्यातली मेडिकल रद्द करा. पॉलिसी घ्यायची की नाही त्याकडे येतोच, पण ६४चे ५८ म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त वजन गेलं. उतारवयात काही न ठरवता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के उतरलं तरी आम्ही कारण शोधायला लागतो. इथे कारण न शोधता काट्यावरचा आकडा वर आणायची घाई चाललीय. घरात गॅसचा वास येत असताना उदबत्ती लावण्यासारखं आहे हे, आणि तितकंच धोक्याचं.

मी कर्वेनगरला दवाखाना चालवतो आणि गेली १९ वर्षं विमा कंपन्यांच्या पॅनेलवर मेडिकल तपासण्या करतो. एकच माणूस मला कधी पेशंट म्हणून भेटतो, कधी प्रपोजर म्हणजे विमा मागणारा म्हणून. पेशंट म्हणून आला की दुखतंय त्याच्या दुप्पट सांगतो, प्रपोजर म्हणून बसला की निम्मंही सांगत नाही. तुमच्या एजंटांचा सल्ला मी बऱ्याच दिवाणखान्यांत ऐकलाय.

एक दिवाणखाना सदाशिव पेठेतला. आजोबा सत्तरीला टेकलेले, शेजारी एजंट. बीपी घेतलं, वजन केलं, मग नेहमीचा प्रश्न विचारला, “शुगर?” “छे! मला काहीच नाही.” तेवढ्यात आतून सातेक वर्षांची नात आली. एका हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी. “आबा, जेवणाआधीची गोळी राहिली तुमची.” आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, एजंट पंख्याकडे. मी पट्टीवरचं नाव वाचून रिपोर्टात लिहिलं. पुढे काय झालं? कंपनीने हप्ता थोडा चढवला आणि पॉलिसी दिली. खरं लिहिल्याने वर्षाला काही हजार जास्त गेले, एवढंच.

लपवलं असतं तर? विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिली तीन वर्षं कंपनी लपवाछपवीच्या कारणावरून तिच्यावर हरकत घेऊ शकते. तीन वर्षं उलटली की नाही. एजंट लोक हाच नियम उलटा वापरतात: “तीन वर्षं काढा की सुटलात.” पण माणूस त्या तीन वर्षांत गेला, की कंपनी रुग्णालयाचे सगळे कागद मागवते, आणि ऍडमिट करून घेणाऱ्या पोरसवदा डॉक्टरने केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, “११ वर्षांपासून मधुमेह.” ती माहिती त्याला कोण देतं? घरचेच. तुम्हीच. शिवाय मेडिकलमध्ये एचबीएवनसी होतेच. रक्ताच्या या तपासणीत साखरेची मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दिसते, त्यामुळे दोन दिवस गोड बंद करून उपयोग नाही. वजनाचंही तेच. बऱ्याच फॉर्मवर ‘अलीकडे वजनात बदल झाला आहे का’ हा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहून बाबांनी सही केली, तर ते खोटं बाबांच्या नावावर राहतं, एजंटाच्या नाही.

आता वजन. कारण एकच असेल असं धरून चालू नका. केंद्राच्या जेवणावर सगळं ढकलणं सोपं आहे, आणि बहुतेक त्याचा वाटा असेलही, पण आधी बाकीची दारं बंद करून घ्यायला हवीत. शुगर आटोक्यात नसेल तर माणूस जेवूनही झडतो. थायरॉइड, क्षयरोग, पोटातली एखादी गाठ, मूत्रपिंडाचं काम, हे सगळं बघावं लागेल. म्हणून हिमोग्रॅम, एचबीएवनसी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, टीएसएच, लिव्हर, कॅल्शियम, बी-१२, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. खोकला असेल, शौचाच्या सवयीत बदल असेल, गिळायला अडत असेल, तर ते त्यांना आपणहून सांगा. बाबा सांगणार नाहीत.

दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, मेटफॉर्मिनने भूक मंदावू शकते. गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं. दुसरी, व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी. आठवड्याला एक, अशी दोन महिन्यांसाठी लिहून दिलेली असते आणि केमिस्टच्या कृपेने दीड वर्ष चालू राहते. असं अती डी पोटात गेलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, भूक मरते, बद्धकोष्ठ होतं, वजन उतरतं. मग घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, ताकदीची पुडी चालू ठेवा! बाबांच्या औषधांच्या डब्यात बघा, आहे का.

आणि तोंडात बघा, खरंच. कवळी सैल झाली की माणूस कोणाला सांगत नाही, फक्त हळूहळू भाकरी सोडतो, मग उसळ, मग काकडी, आणि खिचडीवर येऊन थांबतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, त्यातला हा दुसरा भाग. वजन उतरलं की हिरड्याही बसतात आणि बसवलेली कवळी आणखी ढिली होते.

आता ताटाकडे येऊ. तुम्ही प्रश्नासोबत बाबांचा दिवसभराचा आहार लिहिलाय, त्याबद्दल आभार, असं फार कमी लोक लिहितात. सकाळी चहा आणि चार मारी बिस्किटं. नऊला अर्धी डिश पोहे. दुपारी केंद्राच्या दोन पोळ्या, भाजी, थोडा भात, पातळ आमटी. चारला पुन्हा चहा-बिस्किट. रात्री वाटीभर मुगाची खिचडी. यातलं प्रोटीन मोजू. दोन चहा-बिस्किटांचे मिळून पाच ग्रॅम. पोहे तीन. दोन पोळ्या सहा, भाजी दीड, भात दोन, आमटी दोन, कारण त्या आमटीत डाळ पाहुण्यासारखी येऊन गेलेली असते. खिचडी पाच-सहा. सगळं मिळून २५च्या आसपास.

लागतं किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम सांगतात. म्हातारपणी स्नायू प्रोटीन नीट उचलत नाहीत, म्हणून जगभरचे वृद्धरोगतज्ज्ञ मूत्रपिंड ठीक असलेल्यांना एक ते १.२ ग्रॅम घ्यायला सांगतात. ५८ किलोला ५८ ते ७० ग्रॅम. बाबा निम्म्यावरही नाहीत. पोट भरतंय, ताट रिकामं होतंय, तक्रार कोणाची नाही, आणि मांड्या वाळत चालल्यात.

पोळी-भाजी केंद्रांना मी नावं ठेवत नाही. पुण्यातली अर्धी म्हातारी माणसं त्यांच्या जिवावर जेवतात. पण त्यांच्या नावातच पोळी आणि भाजी आहे, डाळ नाही. दुधी, फ्लॉवर, बटाटा, भेंडी, कोबी, आणि आठवड्यातून एकदा कधीतरी मटकी. त्यामुळे केंद्राकडून पोळ्या आणि भाजी घ्या, डाळ घरी शिजवा. आईला उभं राहवत नसेल तर बाबांना कुकर लावायला शिकवा. ६७ म्हणजे काही शिकायचं वय गेलेलं नाही, आणि दाट वरण जमायला तीन दिवस पुरतात.

माझ्या पेशंटांना मी जे सांगतो ते असं. सकाळी चहाच्या आधी पेलाभर दूध, सहा ग्रॅम. पोह्यांऐवजी आठवड्यातले चार दिवस मुगाची धिरडी. ५० ग्रॅम मूग रात्री भिजत घातले की दोन मोठी धिरडी होतात, सोबत दही, मिळून १५ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, पण भाताऐवजी वाटीभर उसळ, आणि वर ताक. हे झाले १६-१७. चारच्या चहाबरोबर बिस्किटं बंद, मूठभर फुटाणे. दातांना जड जात असतील तर मिक्सरमधून काढून ताकात. सहा-सात. रात्री पिठलं आणि ज्वारीची भाकरी, दुधात मऊ कुस्करून दिली तरी चालेल, आणि बोटभर लांबीचे दोन-तीन पनीरचे तुकडे. १६-१७. झाले ६०. यात बाहेरून काही आणावं लागलं नाही, कुठला डबा नाही, कुठलं चित्रातलं फळ नाही.

दाण्याचं कूट ही तर आपल्याकडची तयार प्रोटीन पावडर आहे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रोटीन. कोशिंबिरीत, भाजीत, आमटीत चमचा-दोन चमचे सहज जातं आणि चावावंही लागत नाही. सोयाबीनचं पीठ कणकेत मिसळता येतं, किलोला शंभर ग्रॅम, त्याहून जास्त घातलं की पोळी वास मारते आणि बाबा नाकारतात. घरात अंडं चालत असेल तर प्रश्नच मिटला. एकात सहा ग्रॅम, दात नसले तरी जातं, मधुमेहाला अडत नाही. माझे एक पेशंट सकाळी फिरून येताना कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन उकडलेली अंडी खातात आणि घरी सांगतात की कोमट पाणी प्यायलो. त्यांच्या पत्नीला हे माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

पावडरीबद्दल. भूक अगदीच गेली असेल तर काही आठवडे द्यायला हरकत नाही, पण मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघितल्यावर, आधी नाही. आणि घेताना डब्याच्या पुढचं नाव नको, मागचा तक्ता वाचा. म्हाताऱ्यांसाठी, मधुमेहींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पावडरींच्या दोन चमच्यांत एका पेलाभर दुधाएवढंही प्रोटीन नसतं. काही असलं तरी आठवडाभराच्या पावडरीने वजन वाढत नाही, वाढलंच तर ते पाणी असतं.

बी-१२बद्दल पुण्यात बसून न बोलणं शक्य नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर मातांचा अभ्यास केला, त्यात दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघालं. तो अभ्यास मातांचा आणि बाळांचा होता, म्हाताऱ्यांचा नाही. पण शाकाहार, वयाबरोबर पोटात कमी होणारं आम्ल, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि जोडीला रोजची ऍसिडिटीची गोळी, हे चारही एका माणसात जमले तर बी-१२ टिकणार कुठून? पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि सगळं ‘शुगरमुळे’ किंवा ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. गोळी स्वस्त आहे. तपासून घ्या.

आणखी एक मोजमाप घरीच करा. हात नसलेल्या खुर्चीवर बाबांना बसवा, हात छातीशी घडी घालून, आणि पाच वेळा उठून बसायला सांगा. घड्याळ लावा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये १२ सेकंदांची सीमा ठरवलीय. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पायांत बळ राहिलेलं नाही. पोटरीचा घेरही शिंप्याच्या टेपने मोजा, पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी झालेत असं धरतात. तळजाईच्या टेकडीवर रोज फिरून येणारे माझे कितीतरी पेशंट यात नापास होतात. चालण्याने हृदय खूश राहतं, मांडीचा स्नायू मात्र बसण्या-उठण्याने, जिन्याने, वजन उचलण्याने टिकतो. हीच खुर्ची दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. नुसतं प्रोटीन घालून व्यायाम नसेल तर ते स्नायूवर चढत नाही. आईलाही हेच ताट द्या, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला तर ते जास्तच लागतं. खुर्चीचा व्यायाम तिच्या फिजिओथेरपिस्टला विचारून.

उपासाचं एकच सांगतो. साबुदाण्यात प्रोटीन नसल्यात जमा आहे, आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर एकादशीला रिकाम्या पोटी ती घेऊन दुपारी घाम फुटून कोसळलेली माणसं मी पाहिलीत. पांडुरंगाला चालतं, विचारून बघा.

आता पॉलिसी. आकडे मांडू. दीड लाख गुणिले दहा, पंधरा लाख तुम्ही भरणार. विमा साडेदहा लाखांचा, म्हणजे हप्त्याच्या सात पट. नियमाने मृत्यूनंतर मिळणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या १०५ टक्क्यांहून कमी असू शकत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत काही झालं तर घराला खरा फायदा आहे, हे मान्य. पण तीच ती तीन वर्षं, ज्यात खोट्या फॉर्मवर बोट ठेवलं जाईल! आठव्या वर्षी बघा: भरले १२ लाख, मिळणार निदान १२ लाख ६० हजार, बोनस बराच साठला असला तर थोडं जास्त. म्हणजे तुमचेच पैसे, रुमालात बांधून परत. शिवाय हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून मुदत संपल्यावर मिळणारी वरची कमाई करमुक्त राहत नाही. वारसांना मृत्यूनंतर मिळणारी रक्कम करमुक्तच असते, पण एजंट दाखवतो ते सुंदर कोष्टक मुदतीअंतीचं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, हे खरं आहे. त्याने वाईट योजना चांगली होत नाही.

शुद्ध टर्म इन्शुरन्सचं, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ६५च्या पुढे प्रवेशच नाही. ‘मेडिकलशिवाय, कोणत्याही वयाला’ अशा जाहिराती दिसतील. त्यात बऱ्याचदा सुरुवातीच्या काळात नैसर्गिक मृत्यू झाला तर फक्त भरलेले हप्ते परत, असं बारीक अक्षरात असतं. सरकारच्या जीवन ज्योती योजनेत ५० वयानंतर शिरता येत नाही. सुरक्षा विमा योजना मात्र ७० पर्यंत आहे, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. ती बाबांच्या बँक खात्यावर उद्या सुरू करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

पण मुळात आयुर्विमा कशासाठी असतो? आपल्या कमाईवर कोणी जगत असेल त्याच्यासाठी. बाबांची कमाई आता कारखान्यातून येत नाही, एफडीतून येते, आणि एफडी त्यांच्यामागे आईची होते. तेव्हा पॉलिसी किती रुपयांची हा प्रश्न बाजूला ठेवा आणि कागदावर एक आकडा लिहा: बाबा नसले तर आईच्या खात्यात दर महिन्याला किती जमा होतील? पीएफच्या पेन्शनमध्ये पत्नीला साधारण निम्मी मिळते, म्हणजे दोन हजारांच्या आत. उरलेलं व्याजातून यायला हवं.

तिथे खरं काम आहे. आई ६२ची आहे, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावावर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं निघतं, एका माणसाला ३० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. व्याज दर तिमाहीला, आणि २०२३ पासून दर ८.२ टक्के राहिलाय. दीड लाख दर वर्षी पॉलिसीत घालण्याऐवजी एफडी पुरी होईल तशी तिच्या नावावर या योजनेत टाका, एका खात्यात एकदाच भरता येतं म्हणून दर वेळी नवं खातं काढून. विमा कंपनीच घ्यायची हौस असेल तर ॲन्युइटी बघा. एकदा रक्कम भरायची, बाबा असेपर्यंत त्यांना, त्यांच्यामागे आई असेपर्यंत तिला पेन्शन, आणि दोघांमागे मूळ रक्कम तुम्हाला. याला मेडिकल लागत नाही, मधुमेह लपवावा लागत नाही. दोष दोन: व्याज एफडीसारखंच वाटतं पण त्याहून कमी असू शकतं, आणि पैसे अडकतात, सहजी मोडता येत नाहीत. म्हणून सगळी शिल्लक त्यात घालायची नाही, किराणा-औषधाचा महिन्याचा खर्च भागेल एवढीच.

मेडिक्लेम हे या घरातलं खरं भोक आहे, आयुर्विमा नाही. २०२४ पासून वयाची ६५ची अट निघाली, पूर्वीच्या आजारांसाठीची थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. बाबांना मधुमेह लिहूनच मिळेल, हप्ता जड असेल, को-पे असेल, म्हणजे बिलाचा काही वाटा आपण भरायचा. खोलीच्या भाड्याची मर्यादा नीट वाचा. पाच हजारांची मर्यादा असताना आठ हजारांची खोली घेतली की बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. तीन वर्षांनी बाबा ७० पूर्ण करतील तेव्हा सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत. जन्मतारीख आधार कार्डावरची धरतात, तेव्हा त्यावर चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. मात्र सगळीच मोठी रुग्णालयं त्या यादीत नाहीत, आणि बाह्यरुग्ण खर्च त्यात येत नाही. जवळची कोणती आहेत ते आधी पाहून ठेवा, आजारी पडल्यावर नाही. मधल्या तीन वर्षांसाठी परवडली तर पॉलिसी, नाही तर पाचेक लाखांची एक वेगळी एफडी, आईच्या जोडनावाने, लगेच मोडता येईल अशी.

माळ्यावरची जुनी फाइलही काढा. कारखान्यात असताना पगारातून हप्ता कापला जायचा अशा पॉलिसी बाबांच्या वयाच्या लोकांकडे हमखास निघतात. एका पेशंटच्या १९८९च्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून त्यांच्या आईचं नाव होतं, आणि आई जाऊन वीस वर्षं झाली होती. बदलायला एक फॉर्म आणि एक फेरी पुरली.

समजा माझं उत्तर पोचायच्या आत पॉलिसी झालीच, तर कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. लेखी द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर आधी कंपनीकडे तक्रार, मग महिनाभराने विमा लोकपाल. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही.

एजंट ओळखीचे आहेत, तोंडावर नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. त्यांना सांगा, डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, रिपोर्ट आल्यावर बोलू. खोटंही नाही आणि कोणाचं मनही दुखत नाही. फक्त बाबांना आज संध्याकाळीच विचारा, त्यांनी कोऱ्या प्रपोजल फॉर्मवर सही करून दिलीय का. दिली असेल तर तो कागद आधी परत आणा.